पासपोर्टातलं कुंकू

शुभांगीचा पासपोर्ट आला तेव्हा स्वीडनचं विमान सुटायला नऊ दिवस उरले होते. पोस्टमन सही घेऊन गेला, भागुबाई पासपोर्टला ओवाळायला ताट घेऊन आल्या, आणि शुभांगीने आतलं पान वाचून अशी किंकाळी फोडली की तिचे वडील गोटीराम गुलाबाच्या वाफ्यातून खुरप्यासकट धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला.

"आई, ओळखीची खूण म्हणून काय लिहिलंय बघ! कपाळावर लाल ठिपका!"

"मग? कुंकू हायच की तुझ्या कपाळाला," भागुबाई म्हणाल्या. "नसलं तर असायला पायजे."

फॉर्म भरला होता गोरक्षनानांनी. नाना म्हणजे गोटीरामांचे चुलतभाऊ. अठ्ठावीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. नाशिकच्या मखमलाबादेत रेशनकार्डापासून मयताच्या दाखल्यापर्यंत एकही कागद नानांच्या पेनाशिवाय पुढे सरकत नसे. पुढे सरकलेले निम्मे कागद दुरुस्तीसाठी परत येत, तो भाग वेगळा. त्याचं खापर नाना बिनदिक्कत सरकारवर फोडत. शुभांगीचा फॉर्म भरला त्या दिवशी ती सरावाला गेली होती, आणि जाताना कोऱ्या फॉर्मवर सही करून गेली होती. चूक म्हणाल तर तिची एवढीच.

"तुझ्या अंगावर खूण एकच, मांडीवरचे टाके," नाना जराही न डगमगता म्हणाले. "कुवाऱ्या पोरीची मांडी मी सरकारी कागदावर लिहू? उद्या स्थळं यायचीत."

"अहो नाना, कुंकू पुसलं जातं!"

"असं अभद्र बोलू नये!" भागुबाई ओरडल्या आणि ताट खाली ठेवून मोकळ्या झाल्या.

आता या टाक्यांचं सांगायला हवं. पोरगी रोज पहाटे बापाबरोबर फुलांच्या पाट्या बाजारात उतरवून तशीच कॉलेजला पळत जायची. तिचं पळणं बघून खेळाच्या सरांनी तिला फुटबॉलच्या संघात घातलं, कारण अकरावी मुलगी मिळत नव्हती. त्यातून ती विद्यापीठाकडून खेळली, मग राज्याकडून. एका फायनलला समोरच्या मुलीच्या बुटाने तिची मांडी फाटली. रक्त गळत असताना हिने मैदानाच्या मध्यातून असा पास दिला की पुढच्या पोरीला फक्त पाय लावायचं काम उरलं. सात टाके पडले. प्रेक्षकांत स्वीडनच्या एका क्लबचे पाहुणे प्रशिक्षक बसले होते, त्यांनी तिथेच तिचं नाव लिहून घेतलं. म्हणजे पोरीची सगळी कमाई त्या सात टाक्यांत होती, आणि नानांनी नेमकी तीच लाजेखातर गाळली.

"गोल मारलास का पण तू?" गोटीरामांनी तेव्हा विचारलं होतं.

"नाही बापू, मी मिडफिल्डर आहे. मी दुसऱ्यांना बॉल देते."

"सोताचा बॉल दुसऱ्याला देती, अन् त्याचा पगार देणार हायेत?" गोटीरामांना हा व्यवहार कधीच कळला नाही.

दुरुस्तीला दीड महिना लागणार होता. एक एप्रिलच्या आत हजर झाली नाही तर क्लब तिची जागा दुसरीला देणार होता, तसं करारात स्पष्ट लिहिलं होतं. तेव्हा एकच मार्ग उरला. ज्या पोरीने सहा वर्षांत कपाळाला बोट लावलं नव्हतं, ती कुंकवाचा करंडा हातात धरून मुंबईच्या विमानतळावर गेली.

मार्चअखेरचा उकाडा. रांगेत घामाने कुंकू नाकापर्यंत आलं.

"मार्क कुठंय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"खाली येतोय, सर," शुभांगी म्हणाली आणि त्याच्यासमोरच कपाळ पुसून नवा ठिपका लावला.

अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, कपाळ पाहिलं, मागची लांबलचक रांग पाहिली. "जा बाई. पण परत येताना हे असंच दिसलं पाहिजे."

स्वीडनची माणसं फार सरळ. कागदावर छापलंय ते खरं, असा त्यांचा भाबडा समज. नानांनी भरलेले कागद त्यांनी कधी पाहिले नव्हते ना! क्लबने पासपोर्ट पाहून तिचं खेळाडूचं कार्ड केलं आणि त्यावरही खूण उतरवली. सामन्याआधी पंच कार्ड आणि चेहरा ताडून बघत. शुभांगी मुकाट्याने कुंकू लावून उभी राहायची.

तिसऱ्या सामन्यात तिने उंच आलेला चेंडू डोक्याने अडवला. पांढऱ्या चेंडूवर लाल डाग उमटला आणि कपाळावर लाल ओघळ आला. पंचबाईंनी शिट्टी फुंकली. रक्त येणाऱ्या खेळाडूने मैदानात थांबायचं नाही, असा नियम. शुभांगी बाहेर आली, डॉक्टरांनी कपाळ स्वच्छ पुसलं, ती परत आत निघाली. तेवढ्यात समोरच्या संघाच्या व्यवस्थापिकेने पंचांच्या टेबलावरचं तिचं कार्ड पुढे केलं. "हिच्या कपाळावर खूण नाही. ही ती मुलगी नव्हेच!"

पंचबाईंनी कार्ड वाचलं. खरंच होतं.

शुभांगीने पिशवीतून करंडा काढून कुंकू लावलं. पंचबाई म्हणाल्या, "पुन्हा रक्त आलं." तिने पुसलं. व्यवस्थापिका म्हणाली, "पुन्हा दुसरी मुलगी आली." असं तीनदा झालं. मैदानात दहा जणी पळत होत्या आणि अकरावी रेषेबाहेर उभी राहून नानांचा अस्सल नाशिकच्या भाषेत उद्धार करत होती. संध्याकाळी प्रशिक्षक म्हणाले, "पुढच्या सामन्यापर्यंत हे मिटव. नाहीतर तुला ठेवून काय करू?"

तिने घरी फोन लावला. "आई, टिकल्या पाठव. चिकटवायच्या, घामाने न पडणाऱ्या. मिळतील तेवढ्या पाठव."

झालं! फोन शेजारच्या सिंधुबाईंकडे होता, म्हणजे बातमी गावभर झाली. पोरगी गोऱ्यांच्या देशात जाऊन टिकल्या मागते! जी मंडळी तिच्या चड्डीवरून सहा वर्षं नाकं मुरडत होती, त्यांचे डोळे भरून आले. कुरिअरने चाळीस पाकिटं गेली.

शुभांगीचा हंगाम टिकल्यांवर पार पडला. तिच्या पासवर चौदा गोल झाले, क्लबने करार वाढवला आणि नोव्हेंबरात ती सुट्टीला आली, ती थेट स्वतःच्या सत्काराला. फलकावर पेंटरने तिचा चेहरा काढला होता, कपाळावर भाकरीएवढी टिकली होती. चेंडू कुठेच नव्हता.

नगरसेवक कुंदनभाऊ तासभर बोलले. "सातासमुद्रापलीकडं जाऊन जिनं कपाळ मोकळं ठेवलं नाही, ती आपली संस्कारी कन्या!" टाळ्या पडल्या. फुटबॉल हा शब्द भाषणात एकदाही आला नाही. नाना पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते, जणू टिकलीचा शोध त्यांनीच लावला.

शाल-श्रीफळ घेऊन झाल्यावर शुभांगीने पर्समधून एक कागद काढला. "भाऊ, पासपोर्टच्या कामाला तुमचा दाखला लागतो. फॉर्म मीच भरलाय. एकदा वाचून—"

"अगं, तुझ्या कागदाला वाचायचं काय?" भाऊंनी झोकात सही ठोकली, खिशातला शिक्का उमटवला आणि माईक नानांकडे सरकवला. "नाना, वाचून दाखवा! लोकांना कळू द्या, आपण लेकींसाठी काय करतो ते."

नाना उठले, चष्मा लावला, घसा खाकरला. "मी, खाली सही करणार, दाखला देतो की, अर्जदार कुमारी शुभांगी हिला मी व्यक्तिशः ओळखतो. तसेच तिच्या अंगावरील पुढील ओळखीची खूण मी खात्रीपूर्वक पाहिली आहे..."

नाना थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच नानांना एक कागद बिनचूक भरलेला दिसत होता.

"वाचा की!" भाऊ म्हणाले.

"उजेड कमी हाय," नाना पुटपुटले.

शुभांगीने त्यांच्या हातून कागद अलगद काढून घेतला. सही होती, शिक्काही होता. तिने घडी घालून तो पर्समध्ये ठेवला आणि कपाळावरची टिकली काढून नानांच्या हातावर चिकटवली.

"अहो नाना," पहिल्या रांगेतून कुंदनभाऊंच्या मंडळी वत्सलाबाई उठून उभ्या राहिल्या, "यांनी खात्रीपूर्वक पाहिलेली ती खूण आहे तरी कुठं?"