डेपोचा दुखवटा

अंकुश वारला त्या दिवशी घरातल्या कॉम्प्युटरमधल्या सगळ्या गेमनी सुतक धरलं.

त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. एका कॉम्प्युटरमध्ये नांदणारे गेम म्हणजे एकाच भावकीतले. एकाच्या घरचं माणूस गेलं की बाकीच्यांनाही पाळावं लागतं. क्रिकेटचे दोन्ही संघ पांढऱ्या टोप्या घालून पॅव्हेलियनमध्ये बसून राहिले आणि अंपायरने टॉसचं नाणं खिशात घातलं. शर्यतीच्या गाड्यांवर चादरी पडल्या. पत्त्यांतल्या राजांनी मिशा उतरवल्या.

अंकुशचा धाकटा भाऊ लहू याचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. रीत आहे, पाळतात. पण सुतक किती लांबवायचं यालाही काही मर्यादा असावी, असं त्याचं मत होतं.

अंकुशचं करमाळ्यात फ्लेक्स छापायचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या माणसांची 'भावपूर्ण श्रद्धांजली' त्यानेच छापली होती. त्याची स्वतःची मात्र समोरच्या दुकानातून छापून आणावी लागली, आणि तिथल्या माणसाने फोटो आडवा ताणून अंकुशच्या तोंडाची भाकरी करून ठेवली. लहूने फ्लेक्स बघितला आणि सरळ जाऊन त्या माणसाची कॉलर धरली. चौघांनी मिळून सोडवलं. तेव्हापासून लहूचे हात नुसते शिवशिवत होते. अंकुशला साध्या तापाने नेलं होतं, आणि तापाला काही धरून बडवता येत नाही.

बडवण्यासाठी लहूचा एक गेम होता. आठवीत शाळा सोडल्यापासून तो गॅरेजवर जायचा आणि घरी आला की तो गेम खेळायचा. त्यात टकल्या नावाचा एक आडदांड माणूस होता. हे नाव लहूनेच ठेवलेलं. टकल्या गदेच्या एका फटक्यात भिंत पाडायचा आणि लहू त्याला रोज लोळवायचा.

अंकुशचा गेम याच्या अगदी उलट. त्यात एक एसटीचा डेपो चालवायचा असे. रस्ते टाकायचे, थांबे नेमायचे, गाडी फलाटावर लावायची, माणसं चढू द्यायची आणि मग गाडी जाताना बघत बसायचं. लहूला हा गेम डोळ्यासमोर नको असे.

"ह्याला गेम म्हणत्यात व्हय?" तो भावाच्या डोक्याशी उभा राहून म्हणायचा. "एसटी आली न्हाई म्हणून मी खऱ्या स्टँडवर बोंबलतो, आन् तू घरात बसून हौसंनं वाट बघतोस?"

"वाट बघण्यातच मजा हाय रं."

"मग भिंतीकडं बघ. माझा नंबर आलाय, ऊठ."

अंकुश उठायचा. पण फलाटावरची गाडी सुटल्याशिवाय कधीच नाही. त्यावरून दोघांची कितीदा तरी जुंपली होती.

तेराव्याला दुखवटा काढायचा होता. सोयरेधायरे टॉवेल-टोपी घेऊन आले. वारसाने घोंगडीवर बसायचं, एकेकाने येऊन त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकायचा, डोक्यावर टोपी ठेवायची आणि त्याला दुखवट्यातून मोकळं करायचं, अशी रीत. अंकुशचं लग्न झालेलं नव्हतं आणि वडील पूर्वीच गेलेले, म्हणून घोंगडीवर लहू बसला. मामांची टोपी झाली, आत्याच्या मालकांची झाली, चुलत्यांची झाली. एकावर एक टोप्या चढत गेल्या. पुढचा पाहुणा टोपी घेऊन वाकला तेव्हा लहूचं टाळकं सटकलं.

"माझं डोस्कं म्हणजे काय खुंटी वाटली का तुमाला?" असं म्हणून तो उठला आणि आतल्या खोलीत निघून गेला.

"आरं, मधनं उठत न्हाईत!" भगवानमामा ओरडले. "अर्धवट राहतं त्यानं!"

लहूने दार लावून घेतलं आणि कॉम्प्युटर चालू केला.

टकल्या मैदानात मांडी घालून बसला होता. गदा बाजूला ठेवली होती.

"ऊठ की. ये," लहू म्हणाला.

"नाही बाबा. दुखवट्यातल्या माणसावर आम्ही हात टाकत नाही."

"आज तेरावा झाला."

"झाला नाही. तू मधूनच उठलास. आवाज आला आम्हाला."

"तर मग मीच मारतो."

"मार. तुझा हात आहे, तू टाक."

लहूने मारलं. टकल्याने मान खाली घालून मार खाल्ला आणि आडवा होता होता विचारलं, "सकाळपासून पोटात काही गेलंय का तुझ्या?"

नियमाप्रमाणे टकल्याला तीन जीव होते. तिन्ही वेळा तो उठला, तिन्ही वेळा त्याने मुकाट मार खाल्ला आणि तिन्ही वेळा जेवणाचंच विचारलं. लहूने कीबोर्ड आपटला.

"मग तुमचं फिटणार कधी?"

"डेपोत जा," टकल्या म्हणाला. "थोरल्याची माणसं टॉवेल-टोपी घेऊन तिष्ठत उभी आहेत. त्यांची घेतलीस की आम्ही सगळेच मोकळे. मग तुला म्हणशील तितका बदडतो."

"नुसत्या टोप्या घ्यायच्या ना? खेळायचं न्हाई ना?"

"आमच्या भावकीत एवढीच रीत आहे."

लहूने शिव्या घालत डेपोचा गेम उघडला.

स्टँडवर तोबा गर्दी होती. गेम परमुलखातला, पण इतकी वर्षं अंकुशपाशी राहून त्यातली माणसं बोलण्या-वागण्यात पार करमाळ्याची झाली होती. बायका पदर डोक्यावर घेऊन बाकांवर बसल्या होत्या. गडीमाणसं हातात टॉवेल-टोपी घेऊन रांगेने उभी होती. गाड्या मात्र सगळ्या शेडमध्ये. खाकी कपड्यातला एक वाळका माणूस शिट्टी सावरत पुढे आला. तो डेपोचा कंट्रोलर, घोलप.

"आपण कोण मालकांचे?"

"धाकटा भाऊ."

"बसा."

"बसलोय की."

"असं उठायच्या बेतात नको. पाठ टेकून बसा."

लहू पाठ टेकून बसला. रांग सरकू लागली. ड्रायव्हर आले, कंडक्टर आले, रसवंतीवाला आला, रोज एकाच गाडीने जाणारे मास्तर आले. प्रत्येकाने टॉवेल टाकला, टोपी ठेवली, "वाईट झालं" म्हटलं आणि बाजूला झाला. या वेळी लहू उठला नाही. कधी एकदाचं संपतंय, असं त्याला झालं होतं, आणि उठलं की संपत नाही हे त्याला एव्हाना कळून चुकलं होतं.

"झालं?" शेवटची टोपी बसल्यावर तो म्हणाला. "जातो मी."

"आपण जाल," घोलप म्हणाले. "ही माणसं कशी जाणार?"

"म्हंजे?"

"मालक गेल्यापासून एक गाडी सुटलेली नाही. सगळी पायी आली समाचाराला. आता परतही पायीच लावायची का? घरी आलेल्याची परतीची सोय बघतात आपल्यात."

"हे बगा, मला हा गेम आवडत न्हाई."

"आवडावा अशी अट नाही. गाड्या सोडायच्या आहेत."

"मग बंद करून टाका तुमचा डेपो!"

"ते मालकाच्या हातात आहे, म्हणजे आता आपल्या," घोलप जराही आवाज न चढवता म्हणाले. "बंद म्हणा, मी फाटक लावतो. मग ते उघडत नाही. आतले आत राहतील."

लहूने तोंड उघडलं. बाकावर एक बाई झोपलेल्या पोराचं तोंड पदराने झाकून घेत होती. लहूने तोंड मिटलं.

"कुठलं बटन दाबायचं?" तो म्हणाला.

त्याने शेडमधल्या सगळ्या गाड्या एकदम सोडल्या. त्या एकदमच फाटकात घुसल्या आणि एकमेकींत अडकून बसल्या.

"ही मारामारी नाही," घोलप म्हणाले. "एकेक."

त्याने एकेक सोडली. ती रिकामीच निघाली. फलाटावरच्या म्हातारीने काठी उगारली. "आरं मुडद्या, आमाला चढू तर दे! तुझा भाऊ म्हातारं माणूस बघून थांबायचा!"

"मग थांबतो की! चढा! बसा निवांत!" लहू खेकसला आणि हाताची घडी घालून बसला.

म्हातारी चढली. तिच्यामागून तिचं गाठोडं चढलं. गाठोड्यामागून तिची सून चढली आणि पुन्हा उतरली, कारण चपला खालीच राहिल्या होत्या. एक गाडी भरायला इतका वेळ लागतो, हे लहूने आजवर कधी पाहिलं नव्हतं. कंडक्टरने दोरीला हात घातला तेवढ्यात एक जाडा गृहस्थ पाण्याची बाटली नाचवत धावत येताना दिसला.

"थांब थांब, त्यो येतोय," लहू कंडक्टरला म्हणाला.

गृहस्थ दारात लोंबकळला. बाटली सुटली, ती कंडक्टरने झेलली, आणि गाडी सुटली. लहूला हसू फुटलं. लगेच, हसलो म्हणून तो स्वतःवरच भडकला.

मग दुसरी गाडी लागली, मग तिसरी. दर गाडीला कोणी ना कोणी मागे राहायचंच, आणि लहू गाडीच्या खिडक्या मोजत असल्यासारखा पुटपुटत त्यांची वाट बघायचा. गाड्या निघून लांबच्या घाटात शिरायच्या. तिथे प्रत्येक गाडी तापून उभी राहायची आणि ड्रायव्हर बादली घेऊन खाली उतरायचा.

"हा असला चढ कुणी काढला?" लहूने विचारलं.

"मालकांनी. लहूचा घाट."

"माझ्या नावाचा?"

"इथं हटकून डोकं तापतं, म्हणायचे. थोडं पाणी घाला, जरा थांबा, आपोआप पुढे जाते."

पुढची गाडी तापली तेव्हा तिचं पाणी पिऊन होईपर्यंत लहू तिच्याकडे बघत राहिला.

दुपार कलली तसा स्टँड रिकामा झाला. शेडमध्ये एकच गाडी उरली आणि खांबामागच्या बाकावर एकच प्रवासी. निळ्या शाईचा डाग पडलेला शर्ट. मांडीवर कापडी पिशवी. अंकुश.

लहू खुर्चीतून अर्धा उठला. घोलपांनी नुसतं बघितलं. तो पुन्हा पाठ टेकून बसला.

"किती वेळ लावलास," अंकुश म्हणाला. "म्हातारीच्या शिव्या खाल्ल्यास ना?"

"दादा, तू हितंच हायस?"

"गाडी सोडायला मालक नव्हता. बसलो."

"मग बस की हितंच. मी सोडतच न्हाई गाडी."

"मला सोडल्याशिवाय घोलप साहेबांची ड्यूटी संपत न्हाई. बायको-पोरं हायती त्यांना." अंकुशने पिशवी उचलली. "आन् तुझ्या त्या गेमसारखं न्हाई रं हितं. तुझ्यात माणूस मरतो आन् पुन्हा पहिल्यापासनं उठतो. माझ्यात कुणी मरत न्हाई, पण गेलेली गाडी मागं येत न्हाई."

"असला भंगार गेम," लहू म्हणाला. "पहिल्यापासनं सांगत होतो मी तुला."

"सांगत होतास."

अंकुश चढला आणि खिडकीपाशी बसला.

घोलप जवळ आले. "एक अडचण सांगून ठेवतो. या गाडीचा रस्ता मालकांनी घाटाच्या पलीकडे थोडासाच टाकला होता. पुढचं तापामुळे राहून गेलं."

"मग गाडी कुठं जाणार?"

"रस्ता असेल तिथवर. रस्ता संपला की प्रवाशाला उतरावं लागतं."

"पुढं काय हाय?"

"काहीच नाही. अजून केलेलं नाही."

लहूने बाही डोळ्यांवरून ओढली. "द्या. रस्ता टाकायचं कुठं असतं ते दाखवा."

घंटी दोनदा वाजली. गाडी फाटकातून निघाली, घाटात तापली, पाणी प्याली आणि पलीकडे उतरली. तोवर लहूने डांबराचा एक तुकडा पुढे टाकला होता. तो वाकडा पडला.

"उतार फार झाला," घोलप म्हणाले.

"करतो सारखा. वरडू नका."

त्याने उतार काढला. ओढा आडवा आला, त्याने पूल घातला. पूल आखूड पडला, त्याने तोंडातल्या तोंडात सगळ्या इंजिनियर लोकांचा उद्धार करून आणखी एक कमान जोडली. गाडी पुलावर आली तेव्हा पलीकडचं डांबर जेमतेम बसलेलं होतं. मग माळ आला. माळावर रस्ता टाकणं सोपं असतं. लहू टाकत राहिला आणि गाडी त्यावरून चालत राहिली.

दार वाजलं. आई ताट घेऊन आत आली. मागे भगवानमामा होते.

"मामा म्हणत्यात, राह्यलेल्या टोप्या घे आन् मोकळा हो," आई म्हणाली.

"घेतो. हात मोकळा झाला की घेतो."

"कशात गुंतलाय एवढा?" मामांनी विचारलं. "मारामारी का?"

"न्हाई. रस्ता."

आईने ताट खाली ठेवलं आणि पडद्यासमोर वाकली. बराच वेळ तिने गाडीच्या त्या खिडकीकडे निरखून बघितलं. मग ती स्टूल ओढून लहूच्या शेजारी बसली.

"कुठवर जायाचंय त्याला?"

"ठरलं न्हाई अजून. टाकतोय."

"त्याच्या तोंडावर ऊन येतंय," आई म्हणाली. "जरा डावीकडं वळीव."

लहूने रस्ता डावीकडे वळवला.