अथेन्सचं जेवणाचं टेबल

आमचे भाडेकरू डॉक्टर मोने कचऱ्याची पिशवी मला थेट टाकू देत नाहीत. आधी वाचतात.

"वहिनी, शनिवारी पाहुणे आले होते. वरच्या थरात आंब्याच्या कोयी, खाली कागदी पेले. आणि हे चकलीचं पाकीट? प्रकाशरावांनी डाएट सोडलं!"

माझा नवरा, प्रकाश, लगेच लॅपटॉपमागे लपतो.

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या आमच्या फ्लॅटची एक खोली मोन्यांकडे आहे. जेवण बाहेर. विद्यापीठात ते प्राचीन ग्रीक मडक्यांच्या खापरांवर संशोधन करतात. इमारतीत प्रत्येक मजल्यावरून कचरा थेट खाली टाकायचा पाइप, म्हणजे शूट, आहे; त्याच्याशी त्यांचं हाडवैर. "सगळ्या मजल्यांचा इतिहास एकत्र कालवतात हो!"

"अंकल क्रेझी, ला!" इति आमची कन्या इरा.

यंदा मोन्यांनी अथेन्समधल्या एका परदेशी संशोधन संस्थेत अर्ज केला. पुरातत्त्व आणि ग्रीक संस्कृती, एवढंच तिथलं काम. वर्षभर राहायचं, जागा एकच. मोने हवेत तरंगायला लागले! ऑनलाइन मुलाखतीसाठी मी हॉल दिला. इस्त्रीचा शर्ट, पाणी, चार्जर, माझ्या यादीतल्या सगळ्यावर खूण केली आणि आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दाराला कान लावून उभे राहिलो.

खापरांवर मोने असे सुटले की समोरच्यांना मध्ये बोलायला जागाच नाही. मग एका बाईंनी विचारलं, "आमच्याकडेच का यायचंय?"

उत्तर मी पाठ करून घेतलं होतं: ग्रंथालय, खापरांचा संग्रह, उत्खनन.

मोने म्हणाले, "तुमच्याकडे रात्री सगळे एका टेबलावर जेवतात, असं वाचलंय."

प्रकाशने कपाळावर हात मारला. "गेली जागा!"

पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी मोने लिफ्टपासून ओरडत आले. "वहिनी, झालं! बोलावलं!" इराने सोफ्यावर उड्या मारल्या, प्रकाशने त्यांना चक्क मिठी मारली आणि मी यादीला लागले. कोट, लोकरी मोजे, मेतकूट...

"ते होईल हो," मोने हळूच म्हणाले. "जेवताना बोलायला दोन-चार विषय सांगाल का? मडकी सोडून. हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या गाळ्यांवर, मी रोज एकटा समोर फोन उभा करून जेवतो. सवयच राहिली नाही."

मी पेन ठेवलं. "सराव आजपासून. जेवायला बसा."

मोने बसले. भातावर आमटी घेतली. मग त्यांनी इराला विचारलं, "आज शाळेत काय झालं?"

आम्हाला रोज "नथिंग" म्हणणाऱ्या इराने फोन उलटा ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.