सासूबाईंच्या मागचा पांढरा पडदा

बॅग वजनकाट्यावर चढली, काटा बावीस किलोंवर जाऊन थांबला आणि घरातल्या तिन्ही बायका एकदम काकांकडे बघू लागल्या.

"यात कपडे किती आहेत?" बायकोने विचारले.

"आहेत की," काका म्हणाले. "लेन्स गुंडाळायला काहीतरी लागतंच."

काकांचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक स्टूल, दोन दिवे, एक पांढरा पडदा आणि काका. ओळखपत्र, परवाना, पासपोर्ट, कशासाठीही फोटो हवा असला की माणसे तिथे येत, स्टुलावर बसत आणि काकांची तीन वाक्ये ऐकत. "मान सरळ. हनुवटी वर. हसू नका." चोवीस वर्षांत या तीन वाक्यांत काडीचाही फरक पडला नव्हता, त्यामुळे सगळा बाजार त्यांना हनुवटीकाका म्हणत असे. बाजारातल्या निम्म्या लोकांच्या खिशात काकांनी काढलेला स्वतःचा फोटो होता आणि तो कुणी कुणाला दाखवत नसे.

घरात मात्र खुद्द काकांचाच फोटो नव्हता. अल्बम अकरा होते. बायको, मुलगी, सासूबाई, शेजाऱ्यांचे मांजरसुद्धा होते, पण काका कुठेच नव्हते. स्वतःच्या लग्नातही ते निम्मा वेळ "जरा प्रकाश बघून येतो" म्हणून फोटोग्राफरच्या बाजूला जाऊन उभे राहिले होते. मुलीने बालवर्गात घरच्या माणसांचे चित्र काढले, तेव्हा बाबांच्या डोक्याच्या जागी कॅमेरा काढला होता. बाईंनी त्या चित्राला दहापैकी दहा दिले होते.

"हे बघा," बायको बॅगेवर हात ठेवून म्हणाली. "न्या तुमचं सगळं बिऱ्हाड. पण मला या सहलीत एक फोटो हवाय. आपण चौघं. म्हणजे तुम्हीसुद्धा. आणि तुम्ही हसताना."

"हसताना?"

"दात दिसले पाहिजेत. तो फोटो मिळाला नाही, तर घरी आल्यावर ही बॅग माळ्यावर जाईल आणि तुमच्या हयातीत खाली येणार नाही."

ती हे हसत म्हणाली असती तर काकांना इतकी धास्ती वाटली नसती. पण ती गंभीर होती. बावीस वर्षे ती लोकांना "हे ना, फोटो काढतायत" असे सांगत आली होती आणि आता तिला त्या वाक्याचा मनापासून कंटाळा आला होता.

मुलगी एव्हाना बॅगेतून एक लांबलचक गुंडाळी उपसून बघत होती. "बाबा, हा स्टुडिओतला पडदा आहे ना? आपण समुद्रावर चाललोय. मागे समुद्र असणारे!"

"समुद्र हलतो," काका म्हणाले. "आणि त्याचा रंगही एकसारखा नसतो. भरवसा ठेवावा असं ते बॅकग्राउंड नाही."

रिसॉर्ट होते एका बाजूला वाळवंट आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर. मधे पांढऱ्या खोल्यांची एक रांग आणि सगळीकडे वाळू. वाळू दाराच्या फटीत होती, उशीच्या अभ्र्यात होती, चहाच्या तळाशीही होती. ती बघून काकांचा चेहरा पडला. वाळूचा एक कण लेन्समध्ये गेला की लेन्सचे बारा वाजतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना उन्हात ओळीने उभे केले आणि गार खोलीतून कॅमेरा बाहेर आणला. बाहेरची दमट गरम हवा लागताच लेन्स आंधळी झाली. काकांनी पुसली, ती पुन्हा धुरकटली. काकांनी पुन्हा पुसली. हा प्रकार पाऊण तास चालला. तेवढ्या वेळात सासूबाईंचे नाक लाल झाले, मुलगी पोहायला निघून गेली आणि बायकोने नुसते "एक दिवस गेला" असे म्हटले.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. काकांनी न्हाणीघरातल्या डोक्याला घालायच्या प्लास्टिकच्या टोप्या कॅमेऱ्यावर, लेन्सवर, फ्लॅशवर चढवल्या. त्या पुरेनात म्हणून खोल्या आवरणाऱ्या बाईंकडे आणखी मागितल्या.

"किती माणसं आहात तुम्ही?" बाईंनी विचारले.

"चार माणसं आणि तीन लेन्स," काका म्हणाले. बाईंनी मोजून बारा टोप्या दिल्या.

दुपारी सासूबाई आंघोळीला गेल्या आणि आतून ओरडल्या, "अगं, माझी टोपी कुठाय?"

"फ्लॅशवर आहे, आई!" काका बाहेरून म्हणाले. "पंधरा मिनिटांत देतो!"

त्या दिवशीही फोटो झाला नाही, कारण टोप्या काढायची काकांची हिंमतच झाली नाही. बायकोने "दोन दिवस गेले" असे म्हटले आणि पुस्तकात डोके घातले. काकांना रात्रीचे जेवण गोड लागले नाही.

तिसरा दिवस शेवटचा. सकाळीच काका खिशाखिशांचे जाकीट घालून तयार झाले. कॅमेरा त्यांनी आधीच तासभर गच्चीत ठेवून बाहेरच्या हवेला सरावून घेतला होता. वारा थोडा पडला होता. पाण्याच्या कडेला ओली वाळू फरशीसारखी घट्ट आणि सपाट होती. सासूबाईंचे गुडघे दुखत, म्हणून रिसॉर्टने त्यांना वाळूत चालणारी खुर्ची दिली होती. तिला फुग्यासारखी जाड चाके होती आणि मागे सामान ठेवायची रुंद फळी. सासूबाई त्या खुर्चीवर इतक्या खूश होत्या की जेवायलाही त्यातूनच उतरत नव्हत्या.

ट्रायपॉड लागला. कॅमेरा चढला. राहिला पडदा. त्याच्या दोन काठ्या वाळूत उभ्या करताच आडव्या झाल्या.

"स्टुडिओत मी बुडाशी विटा ठेवतो," काका इकडेतिकडे बघत म्हणाले. नजर पोचेल तिथवर वाळूच होती, वीट सोडाच, खडाही नव्हता. "वजन हवं. काहीतरी चांगलं वजनदार."

"बाबा, बॅगेत वाळू भरा की."

"कॅमेऱ्याच्या बॅगेत वाळू?" काकांनी छातीवर हात ठेवला. "तू माझीच मुलगी ना?"

आणि मग त्यांची नजर सासूबाईंवर गेली.

"बाबा, नाही," मुलगी म्हणाली.

"आई, तुम्ही आरामात बसूनच राहणार आहात ना?"

"मी कुठे जात्येय?" सासूबाई म्हणाल्या.

काकांनी दोन्ही काठ्या खुर्चीमागच्या फळीच्या टोकांना चिकटपट्टी आणि दोरीने करकचून बांधल्या. वरच्या आडव्या दांडीला आणि खाली फळीला पडदा चिमट्यांनी पक्का केला, म्हणजे फडफडायला नको. सासूबाईंच्या मागे आठ फूट उंच, सहा फूट रुंद, एकही सुरकुती नसलेली पांढरीशुभ्र भिंत उभी राहिली. समुद्र पूर्ण झाकला गेला. काकांना फार बरे वाटले.

"आता सगळे आपापल्या जागी. मी इथून रिमोट दाबतो आणि धावत येतो. मान सरळ. हनुवटी..."

"अहो, बास!"

ऊन थेट पायावर येत होते, म्हणून सासूबाईंनी खुर्ची जरा वळवावी या हेतूने ब्रेक काढला. तेवढ्यात काकांच्या पाठीमागून, किनाऱ्याच्या कडेकडेने, वाऱ्याचा एक दांडगा झोत आला. पडदा टरारून फुगला. खुर्ची जागची हलली, घरंगळली आणि मग ओल्या वाळूवरून सुसाट मागे सुटली.

सासूबाईंचे तोंड घरच्यांकडेच होते. त्या तशाच, समोर बघत, लहान लहान होत गेल्या.

"जावईबापू," त्यांचा आवाज आला, "मी जात्येय!"

"आई!" बायको ओरडली.

"पडद्याला सुरकुती पडू देऊ नका!" काका ओरडले आणि मग आपण काय ओरडलो ते लक्षात येऊन जिवाच्या आकांताने धावत सुटले. रिमोट त्यांच्या मुठीतच होता.

आता किनाऱ्यावर असे दृश्य होते. पुढे शिडाच्या होडीसारख्या सासूबाई, मागे त्यांची नात, तिच्यामागे त्यांची मुलगी आणि सगळ्यांत शेवटी जाकिटाच्या अठरा खिशांतून बॅटऱ्या, पुसणी आणि टोप्या सांडत काका. उंच मचाणावर बसलेल्या जीवरक्षकाने शिट्टी फुंकली.

"ओ आजी! किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे!"

"गाडी नाही ही," सासूबाई त्याच्या मचाणाशेजारून जाता जाता म्हणाल्या. "फोटो चाललाय आमचा!"

"ब्रेक, आजी, ब्रेक!" नात ओरडली.

"कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "गुडघे दुखत नाहीयेत!"

शेवटी किनारा जिथे वळत होता, तिथे भुसभुशीत वाळूचा ढीग आला. खुर्ची त्यात अलगद रुतली आणि थांबली. तिघेही धापा टाकत पोचले तेव्हा सासूबाई केस सारखे करत होत्या.

"आई, लागलं का कुठं?" बायकोने रडवेल्या आवाजात विचारले.

"छे गं. परत कधी जायचं?"

बायकोने क्षणभर आईकडे बघितले, मग पडद्याकडे, मग काकांकडे. काकांच्या डोक्यावर वाऱ्याने उडून आलेली एक प्लास्टिकची टोपी बसली होती आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. बायको खुदकन हसली. मग खाली बसून हसली. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती आणि नेमका कॅमेरा अर्धा फर्लांग लांब होता.

"आधी पडदा सोडा, मग खुर्ची नेऊ," मुलगी म्हणाली.

"सोडू नको!" काका म्हणाले. "पुन्हा एवढा ताठ बांधता यायचा नाही. असंच ओढत नेऊ. शेवटचा दिवस आहे, बाळा."

ते इतक्या काकुळतीला आले होते की कुणी वाद घातला नाही. मुलीने खुर्चीचा डावा हात धरला, बायकोने आणि काकांनी उजवा, आणि वाऱ्याच्या तोंडावर खुर्ची ओढायला सुरुवात झाली. दोन पावले पुढे जावे, एक मागे यावे. पडदा मागे गच्च फुगलेला. सासूबाई मधे बसून "हं, जोर लावा" म्हणत होत्या. बायकोचे हसू काही थांबत नव्हते, ते बघून मुलीला हसू येई, मुलीला बघून सासूबाईंना. काका एकटेच हसत नव्हते, कारण कॅमेरा जवळ येत होता आणि ते मनात प्रकाशाचा हिशेब करत होते.

कॅमेरा दहा पावलांवर आला. खुर्ची घट्ट धरण्यासाठी काकांनी मूठ आवळली. मुठीत रिमोट होता. समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकला, "पिक" असा आवाज झाला आणि काकांना समोर चकाकणारी लेन्स दिसली.

चोवीस वर्षांची सवय. काका जिथल्या तिथे ताठ उभे राहिले. मान सरळ केली. हनुवटी वर घेतली. तोंड मिटले. आणि दोन्ही हात खुर्चीवरून काढून शिस्तीत बाजूला घेतले.

एक माणूस कमी झाल्याबरोबर खुर्ची गर्रकन फिरली. चिकटपट्टी तुटली, काठ्या मोडल्या आणि पडदा सासूबाई, मुलगी, बायको आणि काका या सर्वांवर एकदम कोसळला. पांढऱ्या ढिगाच्या बाहेर फक्त पाय राहिले. काका धडपडत तोंड बाहेर काढत होते, इतक्यात आतून सासूबाईंचा शांत आवाज आला.

"जावईबापू, हनुवटी वर ठेवू की खाली?"

काकांना हसू फुटले. ते असे हसले की त्यांना श्वास घेता येईना. डोळ्यांतून पाणी आले, हात वाळूवर आपटला, आणि हातात रिमोट होता.

खोलीवर आल्यावर चौघांनी डोकी एकत्र करून फोटो बघितले. काकांच्या मुठीने एकूण दोनशे चौदा फोटो काढले होते. त्यांतले दोनशे बारा रिकाम्या वाळूचे होते.

दोनशे तेरावा नामी होता. मागे पांढरेशुभ्र बॅकग्राउंड, मधे सासूबाई, बाजूला मुलगी आणि बायको, सगळ्यांचे सगळे दात दिसतायत. आणि कडेला काका, डोक्यावरची टोपी सोडली तर परवान्यावर असतात तसे.

"अहो!" बायको म्हणाली. "सगळं जग हसतंय आणि तुम्ही?"

"फोटोत हसायचं नसतं," काका पडेल आवाजात म्हणाले. बॅग माळ्यावर जाताना त्यांना स्पष्ट दिसत होती.

बायकोने पुढचे बटण दाबले. दोनशे चौदाव्या फोटोत पांढरा ढीग होता, त्यातून सहा पाय बाहेर आलेले होते, आणि वरच्या बाजूला काका. डोक्यावर प्लास्टिकची टोपी, डोळे मिटलेले, तोंड उघडे, अक्कलदाढेपर्यंत सगळे दिसत होते. बायको बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिली.

"पण यात तुम्ही तिघी नाही आहात," काका म्हणाले. "नुसते पाय आहेत."

"आम्ही अकरा अल्बममध्ये आहोत," बायको म्हणाली. "हा मोठा करून लावायचा."

"घरात?"

"छे. स्टुडिओत."

दोनशे तेराव्या फोटोतून कडेचे काका कापून घेतले, डोक्यावरची टोपी पुसून टाकली आणि ते त्यांच्या परवान्याच्या नूतनीकरणाला एका फटक्यात मंजूर झाले. खांद्यापाशी सासूबाईंच्या अंबाड्याचा तुकडा येतो, पण कचेरीत कुणाच्या लक्षात आले नाही.

दुसरा फोटो बायकोने तीन फूट रुंद करून आणला आणि स्वतः स्टुलावर चढून स्टुडिओत लावला, तोही बरोबर कॅमेऱ्याच्या वर, गिऱ्हाईक जिथे बघते तिथे. काकांनी तो हलवायचा विषय एकदाच काढला. बायको म्हणाली, "हलवा की. माळा रिकामाच आहे." तेव्हापासून पाच मिनिटांच्या फोटोला पंचवीस मिनिटे लागतात. परवा एक करारी पोलीस अधिकारी आले, टोपी सरळ केली, ताठ बसले.

"मान सरळ," काका म्हणाले. "हनुवटी वर. हसू..."

अधिकाऱ्यांची नजर वर गेली आणि ते स्टुलावरून पडता पडता वाचले. काकांनी रागाने मागे वळून भिंतीकडे बघितले, आणि मग कॅमेरा बाजूला ठेवून तेही हसत बसले.