भामिनी नेमकी कोण?

भामिनी रात्री झोपली तेव्हा उंच, गोरी आणि घाऱ्या डोळ्यांची होती. सकाळी उठली ती बुटकी, सावळी आणि अंगानं चांगली भरलेली. पडद्याच्या तळाशी 'आजपासून भामिनीच्या भूमिकेत' अशी एक पट्टी सरकून गेली आणि भामिनीचा नवरा बिछान्यातून तिच्याकडे बघत म्हणाला, "चहा झाला का गं?"

"बघा!" कुंदाबाईंनी हातातली गवार ताटात आपटली. "अख्खी बायको बदलली, ह्याला पत्ता नाही! चहा मागतोय!"

"मिळाला का त्याला?" त्यांच्या यजमानांनी, आधारभाऊंनी, पेपरामागून विचारलं.

धुळ्यात देवपूरच्या त्या घरात दुपारी दीड वाजता 'शपथ उंबरठ्याची' लागत असे. कुंदाबाई मालिका बघत नसत, तिची उलटतपासणी घेत. चाळीस खोल्यांचं घर असून सगळी गुपितं दिवाणखान्यातच का बोलतात? सासू सुनेपेक्षा तरुण कशी? धाकट्या सुनेला, म्हणजे हेमांगीला, एका दिवाळीच्या आधी दिवस राहिले होते. दुसरी दिवाळी येऊन गेली तरी तिला सातवाच चालू होता. या तपासणीत शेजारची जुबेदा साक्षीदार म्हणून बसे. तिचं साड्यांना फॉल लावायचं काम होतं, त्यामुळे हात गुंतलेले आणि डोळे मोकळे.

"उगाच बदलली," कुंदाबाई म्हणाल्या. "आधीची कशी दिसायला नीट होती. खलनायिका असली म्हणून काय झालं? ही कुठून पकडून आणली?"

जुबेदानं सुई थांबवली आणि पडद्याकडे निरखून पाहिलं. "कुंदाताई, हिच्या हनुवटीवर तीळ आहे. डावीकडे."

"मग असेल."

"तुमच्यासारखाच."

कुंदाबाईंचा हात नकळत हनुवटीवर गेला. नेमकी त्याच वेळी नवी भामिनी कमरेवर हात ठेवून, मान झटकून म्हणाली, "असो. आपल्याला काय!"

आधारभाऊंनीसुद्धा पेपर खाली केला. कारण 'असो, आपल्याला काय' हे वाक्य त्या घरात गेली तीस वर्षं दिवसातून निदान दहा वेळा ऐकू येत होतं, आणि त्यानंतर भांड्यांचा आवाज वाढत असे.

"योगायोग असेल," कुंदाबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी भामिनीनं धाकट्या जावेनं दिलेली मोरपंखी साडी कपाटातून काढली आणि त्याच जावेच्या बहिणीला आहेर म्हणून दिली. मग मात्र कुंदाबाईंनी घाईनं टीव्हीचा आवाज कमी केला.

कारण हे त्यांनी स्वतः केलं होतं. साडीही मोरपंखीच होती. धाकटी जाऊ मोहिनी जळगावला राहायची. तिनं दिलेली साडी कुंदाबाईंनी मोहिनीच्याच बहिणीला, तिच्या नातवाच्या बारशात देऊन टाकली होती. घाईत हातात तीच आली, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. मोहिनीनं त्यावर आजवर चकार शब्द काढला नव्हता. म्हणजे तिनं ते मनात धरलं होतं, असा कुंदाबाईंनी आता अर्थ लावला. आणि मोहिनीचा मुलगा प्रशील मुंबईला कुठल्याशा स्टुडिओत दिव्यांचं काम करत होता. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

"अहो, तुमच्या पुतण्यानं मला टीव्हीवर काढलं," त्या आधारभाऊंना म्हणाल्या.

"बरं झालं. काही पैसे देणारेत का?"

तरी कुंदाबाई न्यायी होत्या. मोहिनीवर संशय होता, तसा जुबेदावरही होता. तीळ पहिल्यांदा तिलाच दिसला होता, आणि चोर आधी 'चोर चोर' ओरडतो हे त्यांनी याच मालिकेत पाहिलं होतं. म्हणून त्यांनी सापळा लावायचं ठरवलं. दोघींना दोन वेगवेगळ्या खोट्या गोष्टी सांगायच्या. त्यातली जी मालिकेत येईल, तिची मालकीण चोर. आधारभाऊंसाठी सापळा लावण्यात अर्थ नव्हता. ऐकल्याशिवाय माणूस फोडणार काय?

त्यांनी मोहिनीला फोन लावला. "तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नकोस. डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय."

"अगं बाई! अक्का, कोणता गुडघा?"

कुंदाबाईंनी याचा विचार केला नव्हता. "डावा," त्या म्हणाल्या.

मग जुबेदाला त्यांनी भिंतीवरून हाक मारली. "कुणाला सांगू नकोस. मला यंदा वॉर्डातून उभं राहा म्हणून विचारणा झालीय."

"हाय अल्ला! कुंदाताई, तुम्ही नगरसेवक?"

"अजून कुठं काय. तू बोलू नकोस म्हणजे झालं."

मोहिनीनं खरोखरच कुणाला सांगितलं नाही. फक्त थोरली जाऊ आजारी आहे हे कळायला हवं म्हणून चोपड्याकडच्या आतेसासूंना, म्हणजे पार्वताबाई आत्यांना तेवढं कळवलं. जुबेदानंही कुणाला सांगितलं नाही. फक्त नवऱ्याला सांगितलं. पण गफूरचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं आणि धुळ्याचा उन्हाळा सुरू झाला होता.

मालिकेत गुडघाही आला नाही आणि निवडणूकही आली नाही. भामिनी नुसती खिडकीत उभी राहून कुणाला तरी फोनवर "काम झालं का?" असं विचारत राहिली. घरी मात्र पार्वताबाई केळीचा घड घेऊन दारात उतरल्या. कुंदाबाईंनी त्यांना खिडकीतून पाहिलं आणि पळत जाऊन खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवला.

"बठ्ठा गावले मालूम शे, अन् तू माले सांगस काही नही!" सगळ्या गावाला ठाऊक आणि आपल्याला नाही, म्हणून पार्वताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "लई दुखस का माय?"

"दुखतं, पण सोसते आत्याबाई."

एवढ्यात गल्लीतल्या चार-पाच बायका आत आल्या. त्यांच्या हातात फुलं होती. "ताई, अभिनंदन! चला, शाळेपुढं गतिरोधक कुठं पाहिजे ते दाखवतो. निवडून आल्यावर पहिलं काम तेच करायचं."

"आत्ता?" कुंदाबाईंनी एकदा आत्याबाईंकडे पाहिलं, एकदा बायकांकडे. "आत्ता ऊन आहे."

"काल तर भर उन्हात दळण घेऊन पळत होता," एक बाई म्हणाली. मग तिची नजर स्टुलावरच्या पायाकडे गेली. तिनं दुसरीला कोपर मारलं आणि हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सहानुभूतीची मतं. आत्तापासूनच तयारी."

पार्वताबाईंना हे सगळं समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "ज्या बाईले उभं ऱ्हाता येत नही, ती निवडनूकले कशी उभी ऱ्हाई?"

पुढचे दिवस कुंदाबाईंना फार कठीण गेले. नातलग आले की लंगडायचं आणि गल्लीत गेलं की ताठ चालायचं. खरी अडचण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात येई, कारण तिथं दोन्हीकडचे लोक भेटत. तिथं त्या नुसत्या खांबाला टेकून उभ्या राहत. जुन्या नगरसेवकाचा एक माणूस येऊन "वहिनी, काही गैरसमज असेल तर बसून मिटवू" असं सांगून गेला. आधारभाऊंनी त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर विचारलं, "हा कोण होता?"

"तुम्ही गप्प बसा. माझी चौकशी चालू आहे."

"तुझी का तू करतेयस?"

आणि मग जळगावच्या बसनं मोहिनी आली. सोबत महिनाभराचे कपडे, गुडघ्याचा पट्टा आणि मालिशचं तेल. एरवी ती दारातूनच बोलायला लागायची. या वेळी ती मुकाट्यानं आत आली, अक्कांच्या पाया पडली आणि पाया पडता पडता वर बघून तोंडाकडे निरखत राहिली. कुंदाबाईंनी ती नजर टिपली. 'बघतेय,' त्यांच्या मनात आलं, 'पुढच्या भागासाठी माल गोळा करतेय.'

दिवसभर दोघी एकमेकींचा माग काढत होत्या. मोहिनी स्वयंपाकघरात गेली की कुंदाबाई मागून पाण्याला जात. कुंदाबाई फोनवर बोलल्या की मोहिनी दाराआड काहीतरी पुसत राही. मोहिनीचा फोन वाजला आणि ती "हां प्रशील, बोल" म्हणत अंगणात गेली, तेव्हा तर कुंदाबाई खिडकीला कान लावूनच उभ्या राहिल्या. त्यांना एवढंच ऐकू आलं, "नाही रे, अजून काही कळलं नाही. आज बघते."

"अक्का," मोहिनी आत येत म्हणाली, "सकाळी तुम्ही डावा पाय ओढत होता."

"मग?"

"आत्ता उजवा ओढताय."

"डाव्याची काळजी घेऊन घेऊन उजवा दुखायला लागला," कुंदाबाई म्हणाल्या, आणि विषय बदलायला टीव्ही लावला. दीड वाजला होता. जुबेदाही फॉलच्या साड्या घेऊन आली. आधारभाऊ पेपरामागे होतेच.

त्या दिवशी भामिनीनं कहर केला. हेमांगीच्या माहेरचे लोक यायच्या आत तिनं काचेचा नवा सेट माळ्यावर लपवला आणि पाहुण्यांना स्टीलच्या ताटल्या मांडल्या. मोहिनीच्या हातातला तेलाचा डबा खाली पडला.

"पुरे झालं!" ती ओरडली आणि रडायलाच लागली. "अक्का, मी काय वाईट केलं तुमचं? माझी अशी दुनियेपुढं अब्रू का काढली?"

कुंदाबाईंचा आ वासला. हे वाक्य त्या स्वतः म्हणणार होत्या. "मी? तुझी? अगं, तुझ्या प्रशीलनं मला भामिनी केलं! तीळसुद्धा सोडला नाही!"

"तुम्हाला कुठं? भामिनी मी आहे! आलेली साडी तिनं पुढं दिली तेव्हाच मला शंका आली होती. तो सेट मी लपवला होता, तुमच्या माहेरची माणसं जळगावला आली तेव्हा! तुम्ही माळ्यावर पाहिला असणार. तुमच्याशिवाय सांगणार कोण?"

कुंदाबाई हळूच म्हणाल्या, "तू लपवला होतास?"

मोहिनी थांबली. रडणंही थांबलं. "म्हणजे... तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला वाटलं तुमच्याकडं सेटच नाही. मी तुझी कीव केली होती." कुंदाबाई आता तापल्या. "आणि साडी? ती तर माझीच गोष्ट ना? तू मला दिलेली मोरपंखी साडी मी तुझ्या बहिणीला दिली, ते तू मनात धरलंस!"

मोहिनीनं तोंडावर हात ठेवला. "ती तुम्ही दिलीत? अक्का, ती साडी माझ्या बहिणीनंच मला दिली होती. मी तुम्हाला दिली. तिच्याकडे तीच परत गेली आणि ती त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही! मी तर विचार करून थकले, की तिला संशय कसा आला!"

आधारभाऊंनी पेपर पूर्ण खाली ठेवला. मालिकेपेक्षा हे जास्त नीट लिहिलेलं होतं.

कोपऱ्यातून जुबेदाचा बारीक आवाज आला. "म्हणजे भामिनी तुम्ही दोघी?" तिनं सुई साडीत खोचून ठेवली. "मग मी माझ्या नणंदेशी बोलणं उगाच सोडलं? मला वाटलं तिनंच माझं सांगितलं."

"तुझं कोणतं?"

"ते जाऊ द्या," जुबेदा घाईनं म्हणाली.

शेवटी प्रशीलला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे कसली तरी घाई चालली होती. "मोठी आई, मी बातम्यांच्या स्टुडिओत असतो. बातम्या देणाऱ्यांवर दिवे मारतो. मालिकेची मला काय माहिती? आईही परवापासून तेच विचारतेय, कुणी काही सांगितलं का म्हणून. तुमच्याकडं झालंय काय?"

"काही नाही बाळा. जेवलास का?" दोघी एकदम म्हणाल्या.

फोन ठेवला. मोहिनीनं सांडलेलं तेल पुसायला घेतलं. कुंदाबाई मदतीला उठल्या आणि तीन पावलं सरळ चालत गेल्या. मोहिनीनं ते पाहिलं. कुंदाबाईंनी तिनं पाहिलेलं पाहिलं.

"गुडघा?" मोहिनीनं विचारलं.

"धडधाकट आहे. सापळा होता."

"आणि निवडणूक?" जुबेदानं विचारलं. तिचा चेहरा पडला होता. "गफूरमियाँनी तर चार गिऱ्हाइकांना शब्द दिलाय."

"तोही सापळाच. तुझ्यासाठी."

जुबेदा रुसणार होती, पण तेवढ्यात टीव्हीवर संगीत बदललं आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. माळ्यावरचा सेट सापडला होता. भामिनीनं कपाळ बडवलं. मग ती दिवाणखान्यात सगळ्यांसमोर हेमांगीच्या पायाशी बसली. "मी चुकले गं," ती हुंदके देत म्हणाली. "आजपासून तू माझी जाऊ नाहीस, सख्खी बहीण आहेस." दोघी मिठी मारून रडल्या. मागून सासूनं फुलं उधळली. ती तिच्या हातात कुठून आली हे कुणी सांगितलं नाही.

कुंदाबाई डोळे बारीक करून बघत होत्या. मोहिनीही तशीच बघत होती.

"काहीतरी डाव आहे हिचा," मोहिनी म्हणाली.

"असणारच," कुंदाबाई म्हणाल्या. "जाऊ अशी सुधारते का कुठं?"

"शक्यच नाही."

"एका भागात तर नाहीच."

लग्न होऊन या घरात आल्यापासून दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती. कुंदाबाईंनी सरकून सोफ्यावर जागा केली. मोहिनी तेलकट हात पदराला पुसत तिथं बसली. मग दोघी पुढं वाकून भामिनीच्या चेहऱ्यावर कुठं लबाडी दिसते का ते शोधू लागल्या.