बंडीवाल्यांची तळी

"पोर रडतंय तवर पोराची काळजी करू नगंस. पर आण्णा गप झालं, की हातातलं काम टाकून बघायला जायचं. ध्यानात ठेव!"

सासूबाईंनी, म्हणजे बानूबाईंनी, जाण्याआधी हर्षदाला असं बजावलं होतं. हर्षदाला तेव्हा हसू आवरलं नाही. आण्णा आणि गप? उभा जन्म मेंढरांमागे ओरडण्यात गेलेला माणूस! आण्णांनी सुनेच्या कानात काही सांगितलं, तरी ते ओढ्यापलीकडच्या वस्तीवर आधी पोचायचं.

"आत्या, आण्णा झोपेतसुद्धा मेंढरं वळवतात," ती म्हणाली आणि बाळाचं टोपडं सारखं करायला वळली.

पावसाळ्यात बानूबाई गेल्या. कळप त्याआधीच विकला होता. मांडवगण फराट्याच्या शिवारात जिकडेतिकडे ऊस उभा राहिला, मेंढरं बसवायची कुठं? आण्णांच्या घशात एवढा आवाज उरला होता, आणि वळवायला समोर कुणीच नव्हतं.

हर्षदा बी.ए. झालेली, चौकस, आणि काळजीच्या बाबतीत तर तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नसेल! दहा महिन्यांचा माऊली शिंकला, की ती थर्मामीटर शोधायची. नाही शिंकला, की आज का बरं शिंकला नाही म्हणून शोधायची. तो झोपला की त्याच्या नाकाशी बोट धरायची, आणि बोटानं तो जागा झाला की म्हणायची, "बघा, नीट झोपत नाहीये!"

अशात दोन हजार दोनचा मे महिना आला. जपान-कोरियात फुटबॉलचा वर्ल्डकप व्हायचा होता. त्याआधी निरनिराळ्या देशांचे सरावाचे सामने चालू होते, आणि तिकडच्या घड्याळामुळे आपल्याकडे ते ऐन दुपारी दिसायचे. नवऱ्याला, मल्हारला, कंपनीच्या सोडतीत रंगीत टीव्ही लागलेला. हर्षदाच्या डोक्यात बेत शिजला.

"अहो, दुपारी दोघांना टीव्हीपुढे बसवायचं. आण्णा बाळाला सांभाळतील, बाळ आण्णांना सांभाळेल, आणि टीव्ही दोघांना! मी निवांत मोरीवर लंगोट धुवीन."

"आण्णांना फुटबॉल कळंल?" मल्हारनं बूट चढवत विचारलं.

"न कळायला काय झालं? मी आहे ना सांगायला!"

सांगायची वेळच आली नाही. आण्णांना पहिल्याच दिवशी सगळं कळलं.

"एका कोकराच्या मागं एवढी माणसं! धरा की त्याला! आन् ह्यो काळ्या कपड्यातला कोण गं? हाताशी काठी न्हाई, नुसती शिट्टी. कोण ऐकतंय ह्याचं! आरं वळ, वळ! हुर्रर्र! त्यो बघ रानात शिरला!"

माऊली टाळ्या पिटायचा. दोघांना एकच खेळ पुरला.

दुसऱ्या आठवड्यात आण्णांना आपली माणसं सापडली. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाचा संघ होता. त्यांचे हिरवे शर्ट बिनबाह्यांचे होते. आण्णा घोंगडीवरून उठून थेट पडद्याशी गेले.

"हर्षदा! ए हर्षदा! ही तर बंडी घालून खेळत्यात!" आणि स्वतःच्या छातीवरची बंडी चिमटीत धरून म्हणाले, "आपल्यातली दिसत्यात!"

त्या देशाचं नाव आण्णांच्या तोंडी शेवटपर्यंत बसलं नाही. ते बंडीवालेच राहिले. आणि बंडीवाले हरायचे! पहिला सामना हरले, दुसरा हरले. त्या दिवशी आण्णा जेवलेच नाहीत.

"आण्णा, हे फ्रेंडली सामने आहेत. मैत्रीचे. हरलं काय न् जिंकलं काय, कुठं धरत नाहीत."

"धरत न्हाईत तर मंग पळत्यात कशाला उन्हातान्हाचं?"

"सराव हो! तालमीत नाही का जोर मारत, जत्रेतल्या कुस्तीआधी?"

"मंग तालमीत हरलेला गडी जत्रंत काय दिवं लावणार?" आण्णांनी देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाला हात जोडले. "मल्हारी, एक डाव तरी पोरं जिंकू दे. तळी भरीन तुझी!"

"भराल. पण तळीचं ताट उचलायला पाचजण लागतात. भर दुपारी कोण मिळणार? सगळे उसात." हर्षदानं बाळाची हनुवटी पुसली. "आणि भंडारा बाळापासून लांब. डोळ्यात जाईल."

आण्णा टीव्हीकडे बघून नुसते हसले.

त्याच आठवड्यात शेजारच्या रतनबाईनं बातमी आणली. "राहू गावात कावीळ निघालीय म्हणं. बारक्या पोरांलाच धरती." झालं! हर्षदा रोज सकाळी माऊलीला अंगणात उन्हात नेऊन बुबुळं, नखं, जीभ तपासू लागली. उजव्या कानाची पाळी पिवळी वाटली, तर डाव्या कानाशी लावून बघायची. त्या पोराचे दोन्ही कान लाल व्हायचे!

बंडीवाल्यांचा तिसरा सामना होता, त्या दुपारी ती मोरीवर होती. आतून गलका ऐकू आला. टीव्हीतल्या बोलणाऱ्याचा आवाज चढला, "गोऽऽल!" पण त्यावर आण्णांची हुर्रर्र आली नाही. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. हर्षदाला फार बरं वाटलं. आज आण्णा कसे शहाण्यासारखे बसलेत! तिनं दोन लंगोट जास्त धुतले.

इतक्यात लाईट गेली, टीव्ही बंद पडला आणि माऊलीनं भोकाड पसरलं.

ती हात पुसत आत आली. खिडकीला उन्हासाठी गोणपाट लावलेलं, खोलीत अंधार. आण्णा टीव्हीला टेकून बसले होते. माऊली त्यांच्या मांडीशी, अंग ओलं. तिनं बाळाला उचलून उन्हात नेलं.

माऊली पिवळा होता! डोकं पिवळं, गाल पिवळे, छाती पिवळी. लंगोटसुद्धा पिवळा!

"आण्णा! हा कधीपासून असा झाला?" ती परत आत येऊन ओरडली.

आण्णांनी तिच्याकडे पाहिलं. बोलले नाहीत.

"अहो, सांगा की काहीतरी! उलटी झाली का?"

तोंड जरासं हललं. डाव्या हातात ओला पंचा होता. घाबरले असतील, तिनं मनाशी म्हटलं, आणि आरडाओरडा करत ती बाहेर धावली.

ज्ञानूची वडापची, माणसं भाड्यानं नेणारी जीप चिंचेखाली उभीच होती. रतनबाई न बोलावता चढली. जीप दौंडच्या दिशेनं उधळली.

"राहूला एक माणूस हाय," रतनबाई म्हणाली. "गळ्यात माळ घालतो. कावीळ उतरंल तशी माळ लांबती."

"आधी डॉक्टर! अंधश्रद्धा नकोत!" आणि भीमेचा पूल गेल्यावर, हळूच, "माळ कोणत्या वारी घालतो?"

"लिव्हरचं दिसतंय," ज्ञानूनं आरशातून बघून निदान केलं. तो एकदा पेशंट घेऊन पुण्याला गेला होता.

दौंडच्या डॉक्टरांपुढे हर्षदानं एका दमात सगळं सांगितलं. राहूची साथ, कानाची पाळी, लंगोट. डॉक्टरांनी कापसाचा बोळा ओला करून माऊलीच्या गालावरून फिरवला. बोळा पिवळा झाला आणि गाल गुलाबी!

"ताई, कावीळ पुसली जात नाही." त्यांनी बोळा हुंगला. "हळद आहे. खंडोबाचं घर का तुमचं?"

आधी ज्ञानू हसला. मग रतनबाई, मग कंपाउंडर, मग रांगेतल्या तापकरी पोरांच्या आया. शेवटी हर्षदाही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जीपमध्ये परत हसू!

"म्हंजी बंडीवालं जिंकलं म्हणायचं! आण्णानं तळी भरली!" ज्ञानू स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाला.

"आन् समदा भंडारा नातवावर!" रतनबाई पदरानं डोळे पुसत होती. "बया, बया! जलमभर तळी उचलली आण्णानं. चालत्या बैलगाडीत उचलली. कवा चिमूटभर सांडला न्हाई हातनं, आन् आज आख्खं ताट!"

हर्षदाचं हसू थांबलं.

कधी चिमूटभर सांडला नाही. आज अख्खं ताट. डाव्या हातात पंचा. आणि गोल होऊनही हुर्रर्र नाही.

"ज्ञानूभाऊ," ती म्हणाली, "गाडी जोरात घ्या."

"आता काय झालं? पोरगं तर—"

"घ्या म्हणते ना!"

घरी लाईट आली होती. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती. आण्णा तिथंच, तसेच, उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली. शेजारी ताट पालथं, ताटाखाली ठेवायची त्यांची टोपी दूर उडालेली, खोबऱ्याची वाटी टीव्हीच्या बुडाशी. पडद्याच्या काचेवर ताट टेकल्याची पिवळी कड उमटली होती, आणि वर भंडाऱ्याची तीन बोटं, खेळाडूंच्या कपाळांच्या उंचीला.

पाचजण लागतात ना! एक आण्णा, एक माऊली, आणि तीन बंडीवाले.

जिंकायची वाट न बघताच आण्णांनी तळी मांडली होती, आणि ताट उचलतानाच हात गेला होता. मग सूनबाई रागावेल म्हणून उरलेल्या हातानं ते नातवाला पुसत बसले. आणि सूनबाईनं उन्हात नेऊन बाळाचं नख न् नख पाहिलं.

त्याच जीपनं आता आण्णांना दौंडला नेलं. आधी आणायला हवं होतं, असं तिथले मोठे डॉक्टर म्हणाले. मल्हार परस्पर तिथं आला, कंपनीच्या गणवेशात. ती काही सांगायला लागली, तर म्हणाला, "राहू दे आता." आण्णांचा जीव वाचला. आवाज काही परत आला नाही.

जूनमध्ये खरा वर्ल्डकप चालू होता. हर्षदानं आण्णांना उशी लावून पडद्यापुढे बसवलं. हिरवे आले, पण या वेळी त्यांच्या शर्टाला बाह्या होत्या. मोठ्या स्पर्धेत बंडी चालत नाही म्हणे. आण्णांची नजर मैदानभर शोधत फिरली.

"आण्णा, हेच ते. नुसत्या बाह्या लावल्यात."

आण्णांनी डाव्या हातानं स्वतःची बंडी चिमटीत धरली आणि मान हलवली. नव्हे.

मग हर्षदानं दाराबाहेर कुणी नाही ना ते पाहिलं, घसा साफ केला, आणि बी.ए. झालेली ती बाई टीव्हीपुढे ओरडली, "हुर्रर्र! आरं वळ की! वळ!" आवाज फारच चिरका आला. माऊलीनं टाळ्या पिटल्या. आण्णांचे ओठ हलले. ते हसले असावेत, असं हर्षदा धरून चालते.

आता तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुणी बडबडं माणूस असेल, ज्याच्या आवाजाला तुम्ही कंटाळलेले आहात. आज बराच वेळ तो आवाज आला नाही ना? हे वाचायचं राहू द्या. उठा, आणि आतल्या खोलीत एकदा बघून या. बाळ रडतंय? रडू द्या घटकाभर. आधी तिकडं जा.