परग्रहावरची खरवड

आमच्या ईट गावचे मल्लिनाथ अप्पा सिनेमा बघताना हिरो-हिरॉइनकडं ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचं लक्ष भांड्यांवर. कोण मेलं, कुणाचं लग्न लागलं, विचाराल तर सांगता येणार नाही, पण चहाचं पातेलं नीट घासलेलं होतं का, हे छातीठोक सांगतील. तीस वर्षं खव्याची भट्टी चालवलेल्या माणसाचं असंच होणार म्हणा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या विजूनं पुण्याहून एक परदेशी सिनेमा मोबाइलवर पाठवला. विजू त्यांची एकुलती एक लेक, आईविना वाढलेली, आता तिकडं कॉम्प्युटरच्या नोकरीत. बाप-लेकीचं बोलणं रविवारच्या फोनवर 'जेवलीस का', 'जेवले', एवढंच उरलेलं. सिनेमात माणसं एका परग्रहावर उतरतात. तिथं सामसूम, चिटपाखरू नाही. नुसत्या मोठमोठ्या टाक्या, आणि टाक्यांत राखाडी, घट्ट, बुडबुडे येणारं काहीतरी. ते काय आहे, हे शेवटपर्यंत सांगतच नाहीत. तीन तास बसवून घेऊन असला अर्धवटपणा! मला तर संतापच आला.

पण हौशी लोकांनी त्यावर डोकेफोड करून घेतलेली. विजू अशाच एका ग्रुपवर होती, तिनं मलाही त्यात घेतलेलं. कुणी म्हणे ते यानाचं इंधन, कुणी म्हणे विष. एक पठ्ठ्या म्हणे तो ग्रहच जिवंत आहे आणि हे त्याचं रक्त. विजूच्या मते ते शस्त्र होतं. अप्पांनी सिनेमा अकरा वेळा बघितला आणि माझ्या मोबाइलच्या दुकानात येऊन बसले.

"राजाभाऊ, ग्रुपवर ल्ह्या. ते खायचं हाय."

एका रिकाम्या टाकीच्या बुडाला खरवडल्याच्या रेघा होत्या, कडेपासून मधे आलेल्या. ते दृश्य डोळ्याचं पातं लवेपर्यंत निघून जातं, पण अप्पांना दिसलंच. त्यांचं म्हणणं, इंधन बुडाला लागलं तर कुणाला फिकीर? करपू नये म्हणून जो जिवापाड हलवतो, त्याला कुणाला तरी खाऊ घालायचं असतं. खाणारी लेकरं लांब गेलीत, करणारा काही थांबला नाही.

मी टाइप केलं आणि ग्रुपवर हशा पिकला. विजूही फोनवर म्हणाली, "अप्पा, तुम्हाला जिथं तिथं खवाच दिसतो." ते त्यांना फार लागलं. जग हसलं त्याचं काही नाही, पण पोरीनं येडं ठरवलं. मग काय, रोज दुकान उघडायच्या आधी स्वारी पायरीवर हजर, नवा पुरावा घेऊन. गिऱ्हाईक रिचार्जला आलं तरी अप्पा त्याला टाकीच्या बुडाचा फोटो दाखवणार. माझं डोकं पिकलं. एकदा वैतागून म्हणालो, सोडा की आता.

"पोरीला पटंस्तवर न्हाय," म्हणाले.

यंदा त्या सिनेमाचा दुसरा भाग आला. बापाची एकदाची खोड मोडावी म्हणून विजू मुद्दाम गावी आली, आणि आम्ही तिघं बार्शीच्या थेटरात गेलो. मध्यंतर झालं तरी टाकीचा पत्ता नाही. अप्पांचा वडा हातात तसाच. शेवटी शेवटी पडद्यावर एक चार हातांचा जख्ख म्हातारा टाकीत उतरला. त्यानं कडेकडेनं बूड खरवडलं आणि यानातून परतलेल्या पिलांपुढं धरलं. पिलं मचामचा खायला लागली.

अप्पा उभेच राहिले. "बघ, म्या काय म्हनलं व्हतं?" मागचे 'बसा, बसा' ओरडले, तर वळून त्यांनाच सगळा सिद्धान्त समजावायला लागले. मीसुद्धा शिट्टी मारली, खोटं कशाला बोलू.

परत येताना जीपमध्ये विजूनं विचारलं, "पण तुम्हाला कळलं कसं, अप्पा?"

अप्पा बाहेर बघत म्हणाले, "तू बारकी असताना वाटी घिऊन भट्टीपाशी बसायचीस. खरवड लागायची तुला. तू गेलीस, पर माझा हात काय थांबंना. अजून रोज तुझ्या वाटणीची काढून ठिवतो."

गावात उतरल्यावर विजू घरी न जाता तडक भट्टीवर गेली. गड्यानं चढवलेलं संध्याकाळचं दूध कढईत आटत आलं होतं; अप्पांनी त्याच्या हातून उलथनं घेतलं. विजूनं वाटी घेतली आणि शेजारी पोत्यावर मांडी घालून बसली.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजायला लागला. ग्रुपवर सगळे अप्पांना शोधत होते. हसणारेच आता पाया पडत होते. काय लिहू, मी अप्पांना विचारलं.

उलथनं न थांबवता त्यांनी सांगितलं, "ल्ह्या, आमची विजू आलीया. आज टाइम न्हाय."