‘परंतु’च्या खालच्या दोन ओळी

मुलीच्या बाळंतपणासाठी ही गेली त्याला तीन महिने झाले, आणि एके दिवशी फोनवर तिने विचारलं, "आणखी महिनाभर राहू का?"

मी म्हणालो, "राहा की."

(असं का म्हणालो ते विचारू नका. त्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो. माझं प्रत्येक वाक्य मुलगी, जावई, आमच्या विहीणबाई आणि दोन महिन्यांची नात असे सगळे मिळून ऐकतात. एवढ्या भरल्या सभेत बायकोला "राहू नकोस" म्हणायला वेगळी छाती लागते. ती माझ्याकडे नाही.)

फोन ठेवला आणि सवयीने दोन कप चहा केला. गेले तीन महिने मी रोज दोन कप करतो आणि दोन्ही मीच पितो. तिच्या चपला दाराशी आहेत. झाडताना मी त्या उचलतो आणि परत तिथेच ठेवतो, अगदी बोटं आतल्या बाजूला करून. त्या संध्याकाळी दुसरा कप पिता पिता मी ठरवलं की पत्र लिहायचं. पत्राला स्पीकर नसतो.

हाताने लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. लग्न ठरलं तेव्हा मी तिला एक पत्र हाताने लिहिलं होतं. अक्षर लागेना म्हणून तिने ते वडिलांकडून वाचून घेतलं. सासरे पुढे वर्षभर माझ्याकडे बघून नुसते हसायचे. तेव्हा आता कॉम्प्युटर. जावयाने नको झालेला प्रिंटर आमच्याकडे आणून टाकला होताच. फक्त अक्षर मोठं हवं होतं, कारण हिला बारीक दिसत नाही.

मी कचेरीत जावक विभागात एकतीस वर्षं काढली आहेत. आमच्या विभागाचे दोन नियम आहेत. विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय पत्र बाहेर जात नाही, आणि दोन ओळींसाठी दुसरं पान खर्च होत नाही. त्यामुळे पत्राची सुरुवात आपोआप अशी झाली : "विषय : घरची हालहवाल. संदर्भ : आपला आजचा फोन." खाली क्रमवार मुद्दे. एक, गॅस संपला होता, आणला. दोन, खिडकीतली कुंडी जिवंत आहे. तीन, तुझ्या चष्म्याचं घर सोफ्याखाली सापडलं. चार, हॉलचे पांढरे पडदे मी मशीनला लावले, सोबत माझा लाल टॉवेल होता, पडद्यांचा रंग आता जरा वेगळा पण बरा दिसतो. असे अकरा मुद्दे दहा मिनिटांत झाले. शेवटी लिहिलं, "तरी तू तिकडे निवांत राहा, इथली काळजी करू नकोस, परंतु" आणि अडलो. पुढच्या दोन ओळींना दीड तास लागला.

प्रिंट द्यायला गेलो तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन पानं. पहिलं गच्च भरलेलं आणि दुसऱ्यावर नेमक्या त्या दोन ओळी, एवढ्या मोठ्या कोऱ्या कागदावर. मलाच बघवेना.

अक्षर बारीक केलं तर हिला दिसणार नाही. म्हणून पान आडवं केलं, तर पत्र पोस्टाच्या पाकिटातून आलेल्या लग्नपत्रिकेसारखं दिसायला लागलं आणि दोनाची तीन पानं झाली. एका कागदावर दोन पानं बसवली, तेव्हा मुंग्यांची रांग छापून आली. पाठपोट छापलं, तर मागच्या बाजूला माझं मन उलटं उमटलं. (त्यासाठी कुठे टिक करावी लागते ते मला अजून कळलेलं नाही.) सतरा कागद गेले. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी टायपिस्टबाईंना गाठलं. पत्र दाखवलं नाही, अडचण फक्त सांगितली.

"सोपं आहे," त्या म्हणाल्या. "विषय आणि संदर्भ काढून टाका. बरोबर दोन ओळी वाचतील."

"विषयाशिवाय पत्र कसं जाईल?"

"घरचंच आहे ना?"

"म्हणून काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "मग समास कमी करा," म्हणाल्या आणि डबा उघडला.

घरी येऊन समासांना हात घातला. डावा समास फाईलला भोकं पाडायला लागतो. वरचा साहेबांच्या शेऱ्यासाठी. उजवा कमी केला तर पत्र उर्मट दिसतं. उरला खालचा. तो शून्य केला आणि दोन्ही ओळी टुणकन पहिल्या पानावर आल्या. कॉम्प्युटरने एक सूचना दाखवली, छपाईच्या कक्षेबाहेर असं काहीतरी. मी ‘दुर्लक्ष करा’ दाबलं. एकतीस वर्षांत सूचनांचं मी दुसरं काही केलेलं नाही. कागद बाहेर आला, एकच. त्याला तीन घड्या घातल्या, पाकीट चिकटवलं आणि टपालपेटीत टाकून आलो. वाचून पाहिलं नाही. जावक विभागाचं काम पत्र पाठवणं, वाचणं नव्हे.

पुढचे आठ दिवस मी फोनवर पत्राचं नाव काढलं नाही. इतक्या वर्षांत असलं काही मी तिला लिहिलं नव्हतं. नवव्या दिवशी तिचा फोन आला.

"परवा पत्र मिळालं हो तुमचं," ही म्हणाली. स्पीकर चालू होता, मागे नात रडत होती.

"मग?"

"परंतु काय?"

"म्हणजे?"

"‘काळजी करू नकोस, परंतु’ लिहून थांबलात. खाली सहीसुद्धा नाही. दोन दिवस सगळे डोकं खाजवताहेत. जावई म्हणतात, बाबांची तब्येत बिघडली असणार. विहीणबाई म्हणतात, घराला ओल आली असेल."

खालचा समास डोळ्यांसमोर उभा राहिला. "नंतर सांगतो," मी म्हणालो.

"आत्ताच सांगा. विहीणबाईंचं जेवणात लक्ष नाही."

काही इलाज नव्हता. कार्यालयीन प्रत मी जपून ठेवली होती, ती दोन पानी. दुसरं पान समोर धरलं आणि जावक नोंदी वाचतो त्या आवाजात वाचलं : "घर खायला उठतं. तुझ्यावाचून करमत नाही. एक महिना फार होतो, लवकर ये."

पलीकडे नातसुद्धा रडायची थांबली. मग कोणीतरी नाक ओढलं. (बहुधा विहीणबाई.) पहिलं पत्र सासऱ्यांनी वाचलं होतं, दुसरं मीच सगळ्या व्याह्यांना वाचून दाखवलं.

"अहो, तिकीट मी परवाच काढलं," ही म्हणाली. "रविवारी पोचते."

"परवा? पण तेव्हा तर तुला हे—"

"चौथा मुद्दा वाचला आणि लगेच काढलं."

तेवढ्यात फोनमध्ये खट्ट झालं आणि मागचे सगळे आवाज गेले. तीन महिन्यांत पहिल्यांदा स्पीकर बंद झाला होता. आता तिचा एकटीचा आवाज कानाशी आला.

"ते पुन्हा एकदा वाचा ना," ती हळूच म्हणाली.

मी वाचलं. या वेळी कागद बघावा लागला नाही.

मला वाटलं, आता तीही काहीतरी म्हणेल, आणि मी फोन कानाशी घट्ट धरला.

"रविवारपर्यंत," ती म्हणाली, "मशीनला हात लावू नका."